गोदूताईंना कोठून वाचावे?

चित्रकथांच्या वाचकांत एक प्रश्न नेहमी विचारला जातो. वरवर पाहता तो केवळ सोयीचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात इतिहासलेखनाचा एक जुना वाद दडलेला आहे. एखादी नायिका फारशी प्रसिद्ध नाही, तिच्याविषयी थोडेबहुत कानावर आलेले आहे, आणि आता तिची समग्र कथा वाचावी अशी इच्छा झाली आहे. तर आरंभ कोणत्या अंकापासून करावा? रूढ उत्तर असे की, ज्या अंकात तिला तिचे सामर्थ्य प्राप्त झाले तो उगमाचा अंक प्रथम वाचावा, म्हणजे पुढील सर्व पराक्रमांची किल्ली आपोआप हाती येते. विल्यम मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने निर्माण केलेली आणि १९४१ च्या अखेरीस अमेरिकेत प्रथम छापली गेलेली वंडर वूमन ही ॲमेझॉनांच्या राणीची कन्या आहे, एवढे एकदा कळले की ती बंदुकीच्या गोळ्या मनगटातल्या कड्यांवर कशी झेलते हे निराळे सांगावे लागत नाही. तिचे सामर्थ्य तिच्या जन्मातच साठवलेले असते, आणि पुढे ज्या घटना घडतात त्या त्या सामर्थ्याचे प्रात्यक्षिक म्हणून घडतात.

हाच प्रश्न डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या मुलखात विचारला, तर जी नायिका पुढे येते ती कल्पनेतली नव्हे. गोदावरी परुळेकर, म्हणजेच गोदूताई, हे नाव त्या मुलखात आजही आदराने घेतले जाते; मात्र त्याबाहेरच्या मराठी वाचकाला त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाचे शीर्षक ठाऊक असते, तो १९७० साली मौज प्रकाशनाने काढला आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले हेही कदाचित ठाऊक असते, आणि ओळख बहुधा येथेच थांबते. अशा वाचकाने गोदूताईंच्या वाचनाला कोठून आरंभ करावा याविषयी माझे एक निश्चित मत आहे, आणि ते रूढ उत्तराच्या सर्वस्वी विरुद्ध आहे.

रूढ उत्तराप्रमाणे चालायचे तर त्यांची उगमकथा तयारच आहे, आणि ती आकर्षकही आहे. १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात एका सुखवस्तू गोखले कुटुंबात जन्म. वडील लक्ष्मणराव गोखले नामांकित वकील. मुलगीही कायद्याची पदवीधर, आणि महाराष्ट्रातील स्त्रियांत ही पदवी प्रथम मिळवणारी म्हणून तिचा उल्लेख होतो. १९३२ साली सत्याग्रहात तुरुंगवास. नंतर नामदार गोखल्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजात आजीव सभासद म्हणून घेतली गेलेली पहिली स्त्री. मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम आणि घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना. १९३९ साली शामराव परुळेकरांशी विवाह आणि कम्युनिस्ट पक्षात प्रवेश. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. तरीही जो वाचक या पायऱ्या चढत चढत डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासींच्या मुलखात पोचतो, तो एक तयार सामर्थ्य बरोबर घेऊन तेथे पोचतो, आणि त्यामुळे पुढचे रान, पुढची माणसे, त्यांची वेठ आणि त्यांचे बंड हे सर्व त्याला त्या सामर्थ्याची रंगभूमी म्हणूनच दिसू लागते. नायिका पुण्याहून आली, तिने पाहिले, तिने सोडवले, असा तीन चौकटींचा आराखडा त्याच्या मनात तयार होतो, आणि मग ग्रंथातील मजकूर कितीही निराळे सांगत असला तरी तो आराखडा सहसा पुसला जात नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, गोदूताईंच्या वाचनाचा आरंभ त्या जेथे हजर नव्हत्या तेथून करावा. ते स्थळ तलवाडा, आणि ती तारीख १० ऑक्टोबर १९४५.

त्या वर्षाच्या मे महिन्यापासून ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव आणि डहाणू या तालुक्यांत वारल्यांनी वेठ नाकारण्यास आरंभ केला होता, आणि ज्यांच्या शेतावर, वाड्यावर आणि गवताच्या कुरणांवर ती वेठ पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबत आली होती त्या जमीनदारांना हे बंड कसे मोडावे ते सुचेनासे झाले होते. अखेर त्यांनी जो उपाय योजला त्यात दुष्टाव्याइतकीच माणसांची पारख होती. तलवाड्याला सभा आहे, गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, तरी काठ्या-कोयते घेऊन त्यांच्या रक्षणासाठी सर्वांनी जमावे, अशी आवई त्यांनी पाड्यापाड्यांतून उठवून दिली. आणि दुसऱ्या बाजूने सरकारकडे वर्दी गेली की, वारली शस्त्रे घेऊन दंगा करण्यासाठी गोळा झाले आहेत. हजारो माणसे रातोरात जमली. पोलिसांनी गोळीबार केला, आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा होत राहिला. जमाव तरीही हलेना, कारण आपल्या बाईला सोडून जाणे म्हणजे लाल बावट्याला सोडून जाणे अशी त्या माणसांची समजूत होती. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती ठार झाले. जखमी झालेले पुष्कळ. वंडर वूमनची कडी तेथे कोणाच्याच मनगटात नव्हती, आणि ज्या बाईच्या रक्षणासाठी ही माणसे उभी होती ती तेथे नव्हती, येणारही नव्हती.

या घटनेपासून आरंभ करण्यात मला तीन लाभ दिसतात, पण त्यांतील एकच मी येथे विस्ताराने मांडतो, कारण उरलेले दोन त्याच्याच पोटात येतात. तलवाड्याच्या रात्री नायिकेचे नाव नायिकेपासून सुटे होऊन वावरत होते. त्या नावात एवढी शक्ती होती की, ज्यांना कालपर्यंत सावकाराच्या कारभाऱ्यापुढे मान वर करण्याची छाती नव्हती ती माणसे त्या नावासाठी बंदुकीपुढे उभी राहिली. आणि त्याच नावात एवढी असहायता होती की, शत्रूने ते उचलून त्याचा फास केला. विभूतिपूजा ही दुबळ्यांना बळ देते हे जितके खरे, तितकेच ती त्यांना फसवण्याचे हत्यारही शत्रूच्या हाती देते हेही खरे, आणि या दोन सत्यांचे इतके भयंकर एकत्रीकरण आमच्या आधुनिक इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडते. ज्याने हे प्रथम वाचले तो पुढे गोदूताईंचे कोणतेही कर्तृत्व वाचताना एक प्रश्न बरोबर बाळगील: येथे शक्ती कोणाची आहे, आणि ती कोणाच्या नावावर जमा केली जात आहे?

तलवाड्यानंतर मागे यावे ते झरीला. हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले, त्याला उंबरगाव तालुक्यातून काही वारली गेले होते. माह्या धांगडा हे त्यांतले आज स्मरणात असलेले नाव. म्हणजे पहिली वाट वारल्यांनी तुडवली, आणि गोदूताई व शामराव त्यांच्यामागून त्यांच्या मुलखात गेले. क्रमाचा हा भेद क्षुल्लक नव्हे. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी झरीला परिषद भरली, तिला पाच हजारांच्या आसपास वारली आले, आणि तेथे दोन गोष्टींचा निर्धार झाला: वेठ करायची नाही, आणि लग्नगडी ठेवून घ्यायचा नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे कर्ज काढावे, ते फेडण्यासाठी नवऱ्याने आणि नवरीनेही त्याच्या वाड्यावर राबू लागावे, आणि ते कर्ज कधीच न फिटता दोघांचे आयुष्य त्याच वाड्यावर संपावे, या व्यवस्थेचे ते नाव. कायद्याच्या पुस्तकात या व्यवस्थेला कोठेही जागा नव्हती. मामलेदाराच्या आणि फौजदाराच्या डोळ्यांदेखत ती केवळ दहशतीच्या अंमलावर चालत होती. झरीच्या निर्धारानंतर ती काही आठवड्यांत ढासळली, याचे कारण तिचे खांब मुळातच पोकळ होते, आणि ते पोकळ आहेत एवढे कोणीतरी सर्वांसमक्ष म्हणण्याची आवश्यकता होती. गोदूताईंचे कायद्याचे शिक्षण येथे उपयोगी पडले यात संशय नाही. पण ‘ही वेठ बेकायदा आहे’ हे वाक्य उच्चारणे ही एक गोष्ट, आणि ते ऐकून दुसऱ्या दिवशी पहाटे जमीनदाराच्या शेतावर न जाणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीला विद्वत्ता आणि सहानुभूती लागते, दुसरीला लागणारे धैर्य प्रत्येक झोपडीत स्वतंत्रपणे जमवावे लागते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. आक्षेप असा की, अशा रीतीने वाचले तर त्या बाईंच्या पदरी काय उरते? समाजातली प्रतिष्ठा आणि सुखाचे घर सोडून जी स्त्री वर्षानुवर्षे पायी रान तुडवीत राहिली, वारल्यांच्या झोपडीत जेवली आणि निजली, जिला पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले, १९४६ च्या अखेरीस जिला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, तिला नायिकापदावरून खाली ओढण्याचा हा खटाटोप कशासाठी? माझे उत्तर असे की, खाली ओढण्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्या स्वतःच तेथे चढून बसल्या नव्हत्या. आपल्या ग्रंथाच्या नावातसुद्धा त्यांनी स्वतःला जागा ठेवलेली नाही. जाग्या होणाऱ्या माणसाची ती कथा आहे. जागे करणारीची कथा त्यांना लिहायची नव्हती, आणि मला तर असे वाटते की, हे आत्मविलोपन त्यांच्या सर्व त्यागांहून अधिक दुर्मिळ होते. त्याग पुष्कळांनी केला. त्यागाचे भांडवल न करता तो लिहून काढणारे फार थोडे.

या ठिकाणी वेताळाची आठवण अपरिहार्य आहे. १९६४ पासून निघू लागलेल्या आणि मराठीतही आलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ज्या नायकाला घरोघर पोचवले, तो ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला मुखवटाधारी गोरा माणूस घनदाट अरण्यात कवटीच्या आसनावर बसतो, वन्य जमातींचे रक्षण करतो, आणि त्या जमाती त्याला अमर मानतात. वस्तुतः बाप मेल्यावर मुलगा तोच मुखवटा चढवीत असतो. रक्षण खरे, पण ते रक्षितांच्या अज्ञानावर उभे. रानातल्या माणसांना सत्य कळले तर ते राज्य एका दिवसात संपेल अशी त्याची रचना आहे. मराठी पांढरपेशा वाचकाच्या दोन-तीन पिढ्यांनी बाहेरच्या रक्षकाचे आणि रानातल्या रक्षितांचे नाते बालपणी प्रथम पाहिले ते या साच्यात, आणि मोठेपणी डहाणू-तलासरीची हकीगत वाचताना तोच साचा नकळत वापरला जातो. परंतु गोदूताईंचे कार्य त्याच्या नेमके उलट होते. वारल्यांचे अज्ञान टिकले असते तर त्या निरुपयोगी ठरल्या असत्या. ते जसजसे सरत गेले तसतसे त्यांचे काम साधत गेले. १९४६ साली गवत कापणीच्या संपात पाचशे रतलांना अडीच रुपये हा दर मागितला गेला. दर मागणाऱ्याने रतल मोजायला शिकावे लागते, रुपया-आण्यांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि ठेकेदाराचा काटा खोटा आहे असे त्याच्या तोंडावर म्हणावे लागते. अमर रक्षकाच्या छत्राखाली यांतले काहीच संभवत नाही.

झरीनंतर वाचकाने सरकारी दप्तराकडे वळावे, असे मी सुचवतो, आणि ही सूचना काहींना रुक्ष वाटेल याची मला जाणीव आहे. डेव्हिड सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी केलेला आदिवासी मुलखाचा अहवाल १९३९ चा, म्हणजे बंडापूर्वी सहा वर्षांचा आहे. त्यात वेठ आहे, कर्जाची गुलामी आहे, आणि जमीनदारांकडून स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचारांची नोंदही आहे. दुसरा ग्रंथ के. जे. सावे यांचा, वारल्यांविषयीचा, इंग्रजीत लिहिलेला, आणि योगायोगाने १९४५ सालीच प्रसिद्ध झालेला. या दोहोंवरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते: वारल्यांचे दुःख सरकारला ठाऊक नव्हते असे नव्हे. ते तपशीलवार लिहिलेले होते, छापलेले होते, आणि फडताळात ठेवलेले होते. जे ठाऊक असूनही हलले नाही ते झरीला एका दिवसात का हलले, याचा विचार वाचकाने स्वतः करावा. अहवाल वाचताना भूगोलाचेही एक भान ठेवावे लागते. जुन्या कागदांत जो उंबरगाव तालुका येतो त्याचा उंबरगावकडचा भाग १९६० च्या राज्यविभागणीत गुजरातेत गेला आणि तलासरीचा महाराष्ट्रात राहिला. आणि १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू-तलासरी ठाण्यातून निघून पालघर जिल्ह्यात आले आहेत. हे ध्यानी नसेल तर वाचक झरीला नकाशावर भलत्याच ठिकाणी शोधील.

मग शामरावांची १९४७ मधील इंग्रजी पुस्तिका, मग गोदूताईंचा मूळ ग्रंथ पहिल्या पानापासून, आणि सर्वांत शेवटी त्यांचेच ‘बंदिवासाची आठ वर्षे’. त्यांचा पुण्यातला जन्म आणि पदवी ही माहिती वाचकाला वाटेत केव्हातरी मिळेलच. ती तेव्हा मिळाली म्हणजे तिचे योग्य वजन कळते. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या, ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले, या गोष्टीही मग जागच्या जागी बसतात.

वारल्यांचे बंड झाले त्याच १९४५ साली, याच डहाणू तालुक्यात, बोर्डी येथे ताराबाई मोडक ग्राम बालशिक्षा केंद्र काढीत होत्या, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या होत्या; १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तीन शिक्षित मराठी स्त्रिया एकाच वर्षी एकाच परिसरात, आणि त्यांचे मार्ग मात्र किती भिन्न: एकीकडे शांत, दीर्घ, सरकारमान्य होत जाणारी शिक्षणसाधना, दुसरीकडे हद्दपारी आणि तुरुंग. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, त्याच काळात परुळेकर पतिपत्नींची पोलिसांशी असलेली ओळख संपलेली नव्हती; शामरावांचा तर १९६५ साली स्थानबद्धतेतच अंत झाला. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावण्याची मला इच्छा नाही. पण अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आणि गोदूताईंचा ग्रंथ हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत, असे मी आग्रहाने म्हणेन. एकीच्या पुस्तकात जे मूल शाळेत येत नाही, त्याचा बाप दुसरीच्या पुस्तकात वेठीला गेलेला सापडतो.

आता प्रश्न चित्राचा. गोदूताईंची चित्रकथा कोणी काढू म्हणेल तर ती कशी असावी? याचे उत्तर त्याच मुलखाच्या भिंतींवर आहे. वारल्यांच्या चित्रात माणूस म्हणजे दोन त्रिकोण आणि चार रेषा. चेहरा नाही, त्यामुळे चेहऱ्यावरचे तेजही नाही. तारपा या वाद्याभोवती हातात हात गुंफून फिरणाऱ्या त्या रांगेत कोण पुढारी आणि कोण अनुयायी हे ओळखता येत नाही. मान मिळतो तो केवळ लग्नचौकातल्या पालघाट देवीला, आणि तिलाही चौकाच्या चौकटीत, झाडे, प्राणी आणि माणसे यांच्या वेढ्यात बसावे लागते. झरीची सभा अशा चित्रात काढली, तर पुण्याहून आलेली बाई कोणती हे पाहणाऱ्याला शोधावे लागेल, आणि तसे शोधावे लागणे हीच त्या सभेची यथार्थ प्रतिमा ठरेल.

परंतु हे चित्र कोणी काढले याचाही विचार झाला पाहिजे, आणि येथे मला सर्वांत अधिक खंत वाटते. हा चौक परंपरेने सवाशिणी काढीत आल्या, तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी. त्याचे गाणे धवलेरी गाते, आणि वारल्यांचे लग्न लावणारी ती पुरोहिताही स्त्रीच. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतर ही चित्रे कागदावर आणली, त्यांच्या प्रतिभेला २०११ साली पद्मश्रीने गौरवले गेले, आणि ते सर्वथा योग्य झाले. पण त्यांच्यापूर्वी ज्या असंख्य बायकांनी ती काढली त्यांतील एकीचेही नाव आमच्या ग्रंथालयात नाही. बंडाच्या बाबतीतही हेच घडले आहे. जेठ्या गांगड आणि माह्या धांगडा ही नावे उरली. लग्नगड्याबरोबर जी नवरी सावकाराच्या वाड्यावर जात होती, जिच्यावर त्या वाड्यात काय ओढवत होते ते सिमिंग्टनच्या अहवालात थोड्या शब्दांत नोंदले आहे, आणि झरीनंतर जिने परत न जाण्याचे ठरवले, तिचे नाव उरले नाही. अल्पज्ञात नायिका शोधायची तर ती हीच. गोदूताई ही तिच्याकडे जाण्याची वाट आहे; त्यांच्या ग्रंथातील बायकांचे उल्लेख कडेला खुणा करीत वाचले तर ती वाट पुष्कळ अंतरापर्यंत उजळते, आणि मग संपते, कारण पुढचे कोणी लिहून ठेवलेले नाही.

ते लिहून ठेवणे अद्याप शक्य आहे, पण फार काळ नाही. १९४५ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. तलासरीत गोदूताईंच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि तेथे शिकणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या आज्या-पणज्या याच पाड्यांतल्या. त्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी तलवाड्याचे प्रकरण प्रथम वाचावे आणि मग आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून, झरीच्या सभेला आपल्या घरातून कोण गेले होते आणि त्या दिवशी मागे घरी कोण होते, हे तिला तिच्या बोलीत विचारावे, आणि ती जे सांगेल ते नावगावासह लिहून काढावे.